मावळतीनंतरचं पाव युनिट

माणूस नोकरीतून निवृत्त होतो, त्याचा संशय काही निवृत्त होत नाही. भूपाल आवटींचं तर सगळं आयुष्यच संशयावर पोसलेलं. वीज कंपनीच्या भरारी पथकात एकतीस वर्षं काढलेला माणूस. तारेवर टाकलेले आकडे, मीटरच्या पाठीला चिकटवलेली लोहचुंबकं, भिंतीच्या गिलाव्यातून फिरवलेल्या चोरवायरी, सगळं बघून झालेलं. घरात शिरल्या शिरल्या यजमानाच्या तोंडाकडं बघून ते सांगायचे, की इथं पाणी मुरतंय. पथकात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी एक नियम शिकवायचे. आधी तोडायचं, मग विचारायचं. विचारत बसलात की चोर सावध होतो.

तर असे हे आवटी २०४१ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, सांगलीहून कुपवाडला एका शेडमध्ये बॅटरी निवडायला आले होते.

बॅटरी कशाला? तर त्यांनी चाकावरचं घर घेतलं होतं. मोटारीमागं ओढून न्यायचा ट्रेलर. आत पलंग, ओटा, छोटा फ्रीज, पाण्याचा पंप, इंडक्शनची शेगडी. मोटार विजेची, ट्रेलरच्या टपावर सौरपट्ट्या. चाळीस दिवस फिरायचं, सातारा, कोयना, तिथून खाली कोकणात. ही कल्पना त्यांच्या बायकोची, त्रिशलाबाईंची. हीच पहिली नवलाची गोष्ट. ज्या बाईला शिखरजीच्या यात्रेला न्यायचं तर आठ दिवस मनधरणी करावी लागली होती, ती एकाएकी म्हणाली, "अहो, चाळीस दिवस कुठंतरी जाऊ की आपण दोघंच."

"चाळीसच का?" आवटींनी विचारलं होतं.

"सहज," त्या म्हणाल्या होत्या. 'सहज' म्हणणाऱ्या माणसाच्या घरात आवटींना हमखास आकडा सापडलेला होता. पण बायको होती, म्हणून सोडून दिलं.

शेडचा मालक अल्ताफ मुजावर, चाळिशीचा, हसतमुख. ट्रेलर आतून सजवून द्यायचा त्याचा धंदा. त्यानं तिन्ही बॅटऱ्या फरशीवर ओळीनं मांडल्या.

"साहेब, ही आपली जुनी शिशाची. स्वस्त आहे. पण हिची निम्मीच वीज वापरायची, त्याखाली गेलात की हिचं आयुष्य घटतं. तुम्हाला पाच युनिट हवीत, म्हणजे दहा युनिटांचं ओझं न्यावं लागेल. पावणेतीनशे किलो. कुंभार्ली घाटात मोटारीचा जीव जाईल."

"दुसरी?"

"लिथियम, लोह आणि फॉस्फेटची. पन्नास किलोच्या आत बसते. नव्वद टक्के वापरा, दहा-बारा वर्षं बघायला नको. निम्मं गिऱ्हाईक हीच नेतं. आणि ही तिसरी मिठाची. म्हणजे मिठातलं सोडियम असतं ना, त्याची. थोडी जड, पण पार रिकामी झाली तरी रुसत नाही. आणि हिला..." अल्ताफ जरासा थांबला, "हिला डोकं आहे."

"दुसरी बांधा," आवटी म्हणाले. डोकं असलेल्या वस्तूंशी त्यांचं कधी जमलं नव्हतं.

"तिसरी घेऊ," त्रिशलाबाई म्हणाल्या.

आवटी वळले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत या बाईनं घरातल्या मिक्सरचा प्लग कुठं लावायचा हेसुद्धा त्यांना विचारून ठरवलं होतं. "तिसरी का गं?"

"वहिनी म्हणतात ते बरोबर आहे साहेब," अल्ताफ मध्येच बोलला. आणि बोलताना त्यानं त्रिशलाबाईंकडं अगदी एक क्षण बघितलं. दोन ओळखीची माणसं अनोळखी असल्याचं सोंग आणतात तेव्हा जसं बघतात, तसं. आवटींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"तू हिला आधी कधी भेटलायस?"

"नाही बा! तुम्हाला मात्र भेटलोय. आमच्या अब्बांच्या बर्फाच्या कारखान्याचं कनेक्शन तुम्ही तोडलं होतं. नंतर कळलं, आकडा शेजाऱ्याचा होता. तुम्ही स्वतः येऊन जोडून दिलं, सहाव्या दिवशी." अल्ताफ हसला. "तेवढ्यात बर्फाचा सगळा माल पाणी झाला, ते सोडा."

आवटींनी घाईनं पाकीट काढलं. त्या घाईत तिसरी बॅटरी ट्रेलरच्या पोटात बसली.

आता या बॅटरीचं डोकं म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. प्रत्येक यंत्र वीज आपापल्या ढंगानं घेतं. पंप सुरू होताना मोठा घोट घेतो आणि मग शांत पीत राहतो. फ्रीज मधूनमधून उसासा टाकतो. इंडक्शन ठोके देत घेतं. ही बॅटरी आपल्यातून जाणारा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा मोजते, त्यामुळं कुठल्या खोलीत काय चाललंय हे तिला न बघता कळतं. इथवर कौतुकच. पण पुढं संशोधकांच्या ध्यानात आलं, की यंत्रं ओळखता येतात तशी माणसंही येतात. कोणी आधी दिवा लावतो मग पंप, कोणी उलट. कोणी शेगडीची आच एकदम वाढवतो, कोणी टप्प्याटप्प्यानं. आठवडाभरात बॅटरी घरातले हात वेगवेगळे ओळखू लागते. त्यावरून उद्या वीज किती लागेल याचा अंदाज ती बांधते. विकणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणं एवढ्यासाठीच ती हे सगळं करते. आवटींचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

पहिले साडेतीन आठवडे बरे गेले. मुक्कामतळांवर खांबाची वीज मिळायची, प्लग लावला की बॅटरी भरत राहायची. मग ते कोयनेच्या जलाशयाकाठी आले, बामणोलीच्या पुढं. खांब नाही, शेजार नाही. खाली निळं पाणी, वर झाडी, मध्ये त्यांचा पांढरा ट्रेलर. आठवडाभर आता बॅटरी आणि टपावरच्या पट्ट्या, एवढ्यावरच सगळं.

आवटी खूश होते. कोणता भार किती तास, दिवसा ऊन किती, सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. चहा-स्वयंपाक सकाळी आणि दुपारी. संध्याकाळचं जेवण पाचला. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही, ही घराची रीत. आवटींचा तर बेचाळीस वर्षांचा नेम होता. वडिलांच्या अंत्ययात्रेच्या दिवशीसुद्धा मोडला नव्हता. त्यामुळं मावळतीनंतर शेगडी पेटायचा प्रश्नच नाही.

आणि तरीही रोज सकाळी बॅटरीत पाव युनिट कमी भरायचं.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, धुकं होतं, पट्ट्यांनी कमी भरलं असेल. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन, तरी पाव युनिट गायब. तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा लावून बॅटरीचा पडदा उघडला. रोजचा वापर ती दाखवत नसे. नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं तरच लिहायची. तिनं लिहिलं होतं: 'इंडक्शन. संध्याकाळी ६.५२. दहा मिनिटं. हात १.'

"काय थापा मारतंय बघ हे यंत्र!" आवटी ओरडले. "त्रिशला! काल पावणेसातला शेगडी कोणी लावली?"

त्रिशलाबाई बाहेर कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातला टॉवेल दोरीवर जायच्या आधी तसाच राहिला. "मी नाही हो," त्या म्हणाल्या.

"मग हा हात एक कोणाचा?"

"चुकलं असेल यंत्राचं. सोडा की."

सोडा की! एकतीस वर्षांत ज्यानं ज्यानं 'सोडा की साहेब' म्हटलं होतं, त्याच्या घरी मीटर मागून पोखरलेला निघाला होता. ट्रेलरमध्ये माणसं दोनच. शेगडीवर रोज हात त्रिशलाबाईंचा. म्हणजे हात एक त्यांचाच असणार. पण मग ही बाई मावळतीनंतर करते काय? स्वतःचा नेम मोडते? आणि आपल्याला कसं दिसलं नाही? पावणेसातला आपण कुठं होतो? आवटींनी आठवून बघितलं. खुर्ची टाकून पाण्याकडं बघत बसलो होतो, बहुतेक. मग झोपायला गेलो. मधलं काही खास आठवेना. पण त्यात आठवण्यासारखं काय असणार, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

दुपारी एक गोष्ट अशी घडली की त्यांची झोपच उडाली. वामकुक्षीतून ते लवकर उठले. त्रिशलाबाई खाली पाण्याजवळ दगडावर बसून फोनवर बोलत होत्या. पलीकडं मुलगी असावी, रुचिरा. ती पुण्यात असते. वारा खालून वर येत होता, शब्द स्पष्ट आले.

"काल पण झालं. आता रोजच होतंय... हो, अठ्ठाविसावा दिवस आज... नाही, त्यांना काही कळलेलं नाही. अल्ताफभाईंनी सांगितलंय, तिकडून सगळं व्यवस्थित पोचतंय. अजून बाराच दिवस, मग आपण ठरवू त्यांचं काय करायचं."

'त्यांचं काय करायचं.' म्हणजे चाळीस दिवस 'सहज' नव्हते. अल्ताफ 'नाही बा' म्हणाला ते खोटं. बायको, मुलगी आणि तो बॅटरीवाला, तिघांचं साटंलोटं. कशासाठी? मुलगी दोन वर्षांपासून मागं लागली होती, सांगलीचं घर काढा, पुण्याला या. आपल्याला इकडं रानात आणून ठेवायचं आणि तिकडं घराची विल्हेवाट? की आपल्यालाच कुठल्या आश्रमात टाकायचं? राग तर आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. ज्या माणसाकडं पाठ करून ते अडतीस वर्षं निर्धास्त झोपले होते, त्याच माणसाला आता पकडायचं होतं.

पकडायचं कसं, हे मात्र त्यांना ठाऊक होतं.

पथकात कागदी सील असायचं. लांबट पट्टी, डाव्या कोपऱ्यात 'पथकातर्फे', उजव्या कोपऱ्यात 'ग्राहक'. मीटरच्या झाकणावर चिकटवायची, तारीख-वेळ घालून दोघांनी सही करायची. झाकण उघडायचं तर पट्टी फाटलीच पाहिजे. निवृत्तीनंतर आवटींनी अशा पट्ट्या स्वतः छापून घेतल्या होत्या. घरच्या गच्चीच्या दारालाही लावायचे, लोक हसायचे. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला, जेवण झाल्यावर, त्यांनी इंडक्शनच्या प्लगवर पट्टी चिकटवली. वेळ घातली, सही केली. त्यांची सही म्हणजे 'आवटी' हा शब्द एका दमात, हात न उचलता, आणि खाली दोन टिंबं. अनेकांनी नक्कल करून बघितली होती, कोणाला जमली नव्हती.

"हे काय?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"सहज," आवटी म्हणाले.

सकाळी उठल्या उठल्या ते ओट्याशी गेले. पट्टी जागच्या जागी होती, सुरकुतीसुद्धा नाही. आवटींना हायसं वाटलं. मग त्यांनी वाकून वाचलं. पट्टीवर वेळ होती ७.०५.

त्यांनी चष्मा पुसला. परत वाचलं. संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटं. खाली 'आवटी', एका दमात. दोन टिंबं.

बॅटरीच्या पडद्यावर ओळ होती: 'इंडक्शन. संध्याकाळी ६.५१. दहा मिनिटं. हात १.'

वा! पट्टी फाडली, शेगडी वापरली, दुसरी पट्टी लावली आणि सही? सहीसुद्धा केली! अडतीस वर्षं बघून बघून शिकली असणार. आवटींच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी कोरा कागद आणि पेन त्रिशलाबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"माझी सही कर."

"काय?"

"कर म्हणतो ना! करून दाखव."

त्रिशलाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचे डोळे भरून आले, मग तेच डोळे रागानं लाल झाले. "मी आरोपी आहे व्हय तुमची?" त्या म्हणाल्या, आणि पेन उचलून तसंच दाराबाहेर फेकलं.

झालं, कबुलीच ही. आवटी बाहेर पडले. ट्रेलरच्या बाहेरच्या कपाटातून पक्कड घेतली आणि त्याच्या पोटाशी वाकले. बॅटरीच्या डाव्या अंगाला एक काळी बारीक वायर वर गेली होती, टपावरच्या अँटेनाला. पहिल्या दिवसापासून त्यांनी हेरून ठेवली होती. ही सगळी बातमी बाहेर जाते ती हिच्यातूनच. आधी तोडायचं. मग बोलवू तिघांना पुढ्यात. त्यांनी पकडीचा जबडा वायरीवर ठेवला.

"अहो, तोडू नका!"

त्रिशलाबाई अनवाणी धावत आल्या होत्या. धाप लागलेली. त्यांनी नवऱ्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "आज एकोणतिसावा दिवस आहे. तोडलंत तर सगळं पहिल्यापासून... परत नाही जमायचं मला. तुमच्या पाया पडते. आयुष्यात एकदा तरी आधी विचारा हो!"

आवटींचा हात थांबला. का थांबला ते सांगणं अवघड आहे. कदाचित ती बर्फाची गोष्ट आठवली असेल, सहा दिवसांत पाणी झालेल्या मालाची.

"विचारतो," ते म्हणाले. "पण तुला नाही. आधी मीटरला."

कारण पथकाचा आणखी एक रिवाज होता. ग्राहक नेहमी म्हणतो, साहेब, तुमचं मीटर पळतंय. प्रत्येक जण म्हणतो. अशा वेळी वाद घालायचा नाही. माहितीतला भार लावायचा, घड्याळ लावायचं, आणि मीटर काय दाखवतंय ते सगळ्यांच्या देखत बघायचं. आवटींकडं त्यासाठी शंभर वॉटचा जुना तारेचा दिवा होता, जपून ठेवलेला. तो लावून तासभर बसायचं. तासात एक दशांश युनिट जायला हवं, कमी नाही, जास्त नाही.

दोघं पायरीवर बसून राहिले, मध्ये एक हात अंतर. भर सकाळी दिवा जळत होता. तास झाल्यावर आवटींनी पडद्याकडं बघितलं: 'तापणाऱ्या तारेचा दिवा. नवीन. एक तास. ०.१ युनिट.'

ठीक. मापात खोट नाही. आता हात.

ते ओट्याशी गेले. पट्टी फाडली. या शेगडीला त्यांनी आजवर बोटसुद्धा लावलं नव्हतं, निदान त्यांच्या समजुतीप्रमाणं. पातेल्यात पाणी घातलं, शेगडी लावली. आच वाढवताना त्यांचं बोट आपोआप तीनदा झटपट टेकलं, एकदा थांबलं, मग चौथ्यांदा. पाणी उकळलं. बंद केलं. पडदा वाचायला चष्मा हवा होता, तो स्वेटरच्या खिशात असायचा. त्यांनी खिशात हात घातला.

या वेळी चष्म्याबरोबर खिशाच्या तळाचा कागदही हाताला लागला. चुरगळलेला, चिकट. उलगडला. फाटलेली पट्टी होती. त्यावर त्यांचीच सही आणि वेळ, ५.३०. पट्टीच्या सुरकुत्यांत बिस्किटाचा चुरा अडकला होता.

आवटींनी तो चुरा बोटाच्या टोकावर घेतला. मग त्यांनी पडद्याकडं मान वळवली, हळूहळू, कारण तिथं काय लिहिलेलं असणार हे त्यांना आता कळलं होतं.

'इंडक्शन. सकाळी ९.४०. चार मिनिटं. हात १.'

एकतीस वर्षांत हजारो घरांत जाऊन त्यांनी चोर शोधून काढला होता, आणि चोराचं तोंड पडलेलं बघितलं होतं. आपलं तोंड आत्ता कसं दिसत असेल हे बघायला तिथं आरसा नव्हता. होत्या फक्त त्रिशलाबाई, दारात उभ्या.

"विचारू?" आवटींनी विचारलं.

"विचारा."

"मी काय खातो?"

"चहा घेता. आणि दोन बिस्किटं. चहा माझ्यासारखाच करता, आलं घालून. मग भांडी घासून ठेवता, जिथल्या तिथं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "पहिल्यांदा झालं चैत्रात. मी म्हटलं, अहो, दिवस मावळला. तर तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत... ही बाई कोण, असं. मी घाबरले. परत नाही अडवलं."

"आणि नेम?"

"तुमचा नेम मोडला हे मी तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू?"

आवटी पलंगाच्या कडेला बसले. त्रिशलाबाई मग थांबल्याच नाहीत. सहा महिने दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. रुचिरानं पुण्यात एका डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, विसरण्याच्या या आजाराला आता औषध आहे. गेलेलं परत आणत नाही, पण आहे ते बरीच वर्षं टिकवतं. मात्र ते अगदी सुरुवातीलाच द्यावं लागतं, आणि सुरुवात झालीय हे ठरवणंच अवघड. दवाखान्यात नेऊन प्रश्न विचारले तर हुशार माणूस तासभर सावरून घेतो. म्हणून माणूस रोज घरात कसा वागतो, कामांचा क्रम कुठं चुकतो, कोणत्या वेळी चुकतो, याचा चाळीस दिवसांचा अखंड माग हवा. असा माग ही बॅटरी ठेवते. कोणी बघत बसायला नको, अंगाला काही बांधायला नको. एक दिवस जरी मध्ये तुटला तरी तो धरत नाहीत. आणि या आजाराच्या बऱ्याच माणसांना मावळतीच्या सुमाराला जास्त होतं, हेही त्यांनी सांगितलं.

"मग मला सांगायचं होतं की!" आवटी एकदम चिडून म्हणाले. "माझ्याच घरात माझ्यावर पाळत? त्या अल्ताफला माहीत, रुचिराला माहीत, त्या डॉक्टरीणबाईंना माहीत, आणि मला नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही रोज संध्याकाळी खुर्चीला बांधून घेतलं असतं स्वतःला," त्रिशलाबाई म्हणाल्या. "पथक सांगून येत नसतं, असं तुम्हीच म्हणायचात ना?"

हा डाव त्यांचाच होता, बायकोनं फक्त खेळला. राग पूर्ण गेला नव्हता. जायला नकोच होता. कारण उद्या ही बॅटरी दुसऱ्या कोणाच्या ट्रेलरमध्ये बसेल, तिथली बायको इतकी साधी नसेल, आणि बॅटरीचा निरोप डॉक्टरकडं न जाता विमा कंपनीकडं जाईल. ते त्यांनी बोलूनही दाखवलं. "हे यंत्र चांगलं नाही, त्रिशला. मी सांगतो तुला. यात कुठंतरी पाणी मुरतंय."

"मुरत असेल. मला तुम्ही पाहिजे आहात."

खाली पाण्यावर ऊन आलं होतं. आवटी उठले. पक्कड ओट्यावर होती. ती घेऊन ते बाहेर गेले. त्रिशलाबाई घाईनं मागोमाग आल्या. पण आवटींनी पक्कड जागेवर, कपाटात ठेवली आणि पट्ट्यांचा गठ्ठा काढला. एक पट्टी सोडवून त्यांनी त्या काळ्या वायरीच्या सांध्यावर नीट गुंडाळून चिकटवली, अंगठ्यानं दाबली.

"आजचा धरून बारा दिवस राहिलेत," ते म्हणाले. "मावळतीला माझं डोकं कुठं असेल सांगता येत नाही. मला पुन्हा वाटेल, तोडावं. तेव्हा ही पट्टी दिसली तर मी थांबेन. सीलला हात लावायची सवय नाही मला."

"काल फाडलंत की."

"मी लावलेलं फाडलं. माझं माझ्यावर काय बंधन!" ते क्षीण हसले. "म्हणून हे मी लावलेलं नको."

त्यांनी पेन शोधलं. सकाळी त्रिशलाबाईंनी फेकलेलं, ते गवतात पडलं होतं. तारीख घातली, वेळ घातली, दहा वाजून पाच मिनिटं. मग पेन बायकोच्या हातात दिलं आणि पट्टीच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, जिथं 'पथकातर्फे' छापलं होतं. एकतीस वर्षं त्या कोपऱ्यात त्यांच्याशिवाय कोणी सही केली नव्हती.

"इथं तू कर."

"मी?"

"कर गं. मीटर बरोबर आहे."

त्रिशलाबाईंनी सही केली, शाळेतल्या मुलीसारखी पूर्ण नावानं. मग आवटींनी पेन घेतलं, उजव्या कोपऱ्यात 'ग्राहक' या शब्दाखाली 'आवटी' लिहिलं, एका दमात, आणि दोन टिंबं दिली.